व्हिजिटिंग कार्डाचा स्कॅनर : खोक्यावर जे छापलेले नसते

प्रति,
मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. तेव्हापासून दुकाने, दवाखाने, सीए आणि वकिलांची कार्यालये, औद्योगिक वसाहतींतले छोटे कारखाने अशा सगळीकडे संगणक बदलण्याची लगबग आहे. नवा संगणक येतो, हिशेबाचे सॉफ्टवेअर चालू होते, प्रिंटरही थोडी कुरकुर करून चालू होतो. व्हिजिटिंग कार्डे वाचणारा छोटा स्कॅनर मात्र मुका बसतो. मग तो ‘बिघडला’ म्हणून दुरुस्तीला येतो. त्याला बहुधा काहीही झालेले नसते. मालक तो अडगळीत टाकतो, चार-आठ हजारांचा नवा मागवतो आणि पुष्कळदा नव्याचीही तीच गत होते. ‘यूएसबी आहे ना, मग लागणारच’ हे काउंटरवरचे वाक्य या सगळ्या मनस्तापाच्या मुळाशी आहे. यूएसबी म्हणजे पिन बसणार, एवढेच. संगणक त्या यंत्राशी बोलणार की नाही, हे ठरते ड्रायव्हरवर, म्हणजे संगणकाला त्या यंत्राची भाषा समजावणाऱ्या छोट्या प्रोग्रामवर.

म्हणून खरेदीची सुरुवात स्कॅनरपासून नव्हे, टेबलावर असलेल्या संगणकापासून करावी. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असे गेले की ‘सिस्टिम टाइप’ ही ओळ दिसते. ती ओळ कागदावर उतरवून घ्या. त्यात दोन गोष्टी असतात : विंडोज ३२-बिट की ६४-बिट, आणि प्रोसेसर एक्स६४ (नेहमीचा इंटेल किंवा एएमडीचा) की एआरएम (मोबाइलमधल्या प्रोसेसरच्या जातीचा). विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्येच येते. ६४-बिट विंडोजवर ३२-बिट प्रोग्राम चालतो, पण ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही. लोक फसतात ते नेमके इथे. जुन्या सीडीवरचा कार्डवाचक प्रोग्राम नव्या संगणकावर सुरळीत बसतो, डेस्कटॉपवर त्याचे चिन्ह येते, तो उघडतोही. आणि स्कॅनचे बटण दाबले की ‘स्कॅनर सापडला नाही’ म्हणून हात वर करतो. प्रोग्राम बसला म्हणजे ड्रायव्हरही बसला, असा समज होतो आणि दोष वायरला दिला जातो.

एआरएमची भानगड त्याहून नवी आहे. २०२४ च्या मध्यापासून स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे हलके लॅपटॉप दुकानांत दिसू लागले. बॅटरी खूप टिकते म्हणून फिरतीवरचे विक्री प्रतिनिधी ते घेतात, आणि कार्डे गोळा करणारेही बहुतेक तेच असतात. या लॅपटॉपवर नेहमीचे विंडोज प्रोग्राम अनुकरणाने चालतात. ड्रायव्हर मात्र अनुकरणाने चालत नाही, तो एआरएम६४ साठीच बनवलेला लागतो. खोक्यावर ‘विंडोज ११ ला चालते’ असे लिहिलेले असले तरी या लॅपटॉपवर ते खरे ठरेलच असे नाही. विक्रेत्याला थेट विचारावे, ‘एआरएमवर चालतो का?’ उत्तर देताना तो अडखळला तर पुढच्या दुकानात जावे.

मॅकवाल्यांसाठी दोन वर्षे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ३२-बिट प्रोग्राम साफ बंद झाले. २०२० च्या अखेरीस ॲपलने स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला. त्यानंतरच्या मॅकवर इंटेलसाठी लिहिलेली सॉफ्टवेअर रोझेटा या ॲपलच्या अनुवादक प्रोग्रामच्या आधाराने चालतात, आणि हा आधार कायमचा नाही. त्यामुळे कंपनीच्या पानावर ‘ॲपल सिलिकॉन’ (म्हणजे एम१ आणि त्यापुढचे प्रोसेसर) असा स्पष्ट उल्लेख शोधावा. मॅकमध्ये ‘इमेज कॅप्चर’ नावाचे साधे ॲप असतेच. त्यात डाव्या बाजूला स्कॅनरचे नाव दिसले की अर्धी लढाई जिंकली. लिनक्सवर टर्मिनलमध्ये ‘स्कॅनइमेज’ची यादी दाखवणारी आज्ञा देऊन सेन (SANE) या लिनक्सच्या स्कॅनर-व्यवस्थेच्या यादीत यंत्र येते का ते पाहावे. गंमत अशी की विंडोजने नाकारलेले काही जुने स्कॅनर लिनक्सवर निमूटपणे चालतात.

आता ड्रायव्हरच्या जातींकडे. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ट्वेन (TWAIN), विआ (WIA), आयसिस (ISIS) असे शब्द दिसतात. ट्वेन १९९२ पासूनचे आहे आणि बहुतेक कार्डवाचक प्रोग्राम त्यातूनच स्कॅनरला हाक मारतात. विआ हा मायक्रोसॉफ्टचा विंडोजमधला स्वतःचा मार्ग. आयसिस मोठ्या कार्यालयांतल्या जलद स्कॅनरसाठी. कार्डासाठी त्याची गरज नाही. स्कॅनरला फक्त विआ असेल तरी ट्वेन मागणारा प्रोग्राम विंडोजच्या आतल्या पुलावरून काम करू शकतो, पण दुतर्फा स्कॅन, कार्डाचा आकार असे पर्याय त्या पुलावर अनेकदा गळून पडतात. शिवाय ट्वेनमध्येही ३२ आणि ६४-बिट असे दोन भाग आहेत. ६४-बिट प्रोग्रामला ३२-बिट ट्वेन दिसत नाही. विंडोजच्या फोल्डरात ‘ट्वेन_३२’ आणि ‘ट्वेन_६४’ ही दोन उपफोल्डरे असतात. आपल्या स्कॅनरचे नाव फक्त पहिल्यात असेल तर प्रोग्रामची ३२-बिट आवृत्ती बसवावी. तेवढ्याने काम होते, यंत्र बदलायला नको.

काही यंत्रे या तिन्ही मार्गांनी जात नाहीत. स्कॅनस्नॅप ही मालिका, पूर्वी फुजित्सूची आणि आता रिकोच्या नावाने विकली जाणारी, मुख्यतः तिच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधून चालते. तिच्या बऱ्याच मॉडेलांना ट्वेन नाही. यंत्र म्हणून ती उत्तम आहे. पण तुमच्या रुग्णालयाचा किंवा ग्राहकनोंदणीचा प्रोग्राम ट्वेन स्कॅनर मागत असेल, तर त्या प्रोग्रामला अशी मॉडेले दिसणारच नाहीत. उलट कॅननच्या इमेजफॉर्म्युला आर१० सारख्या यंत्रात सॉफ्टवेअर यंत्राच्या पोटातच असते. जोडल्यावर ते पेनड्राइव्हसारखे उघडते आणि तिथूनच चालते. ज्या कार्यालयात काहीही बसवायला ॲडमिन पासवर्ड लागतो, तिथे ही सोय मोलाची. मात्र ज्या कार्यालयात पेनड्राइव्ह बंद केलेले असतात, तिथे हीच सोय अडचणीची ठरते!

पैसे देण्याआधी एक काम करावेच. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर जाऊन ड्रायव्हर प्रत्यक्ष उतरवून घ्यावा. नुसते पान पाहून थांबू नये. फाइलची तारीख आणि तिच्याखाली दिलेली विंडोजची यादी वाचावी. शेवटचा ड्रायव्हर विंडोज ७ किंवा ८ च्या काळातला असेल आणि विक्रेता ‘चालतो हो’ म्हणत असेल, तर तो आज कदाचित चालेल. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर बोंब होईल. मॉडेलचा क्रमांकही शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. एकाच नावाच्या यंत्राच्या ‘आय’, ‘डब्ल्यू’, ‘डी’ किंवा ‘मार्क २’ अशा आवृत्त्या निघतात, त्यांच्या आतली चिप वेगळी असू शकते आणि ड्रायव्हरही वेगळा.

यंत्र घरी आल्यावर आधी ड्रायव्हर बसवावा, मग वायर जोडावी. उलटे केले की विंडोज आपल्या पोतडीतून काहीतरी सर्वसाधारण ड्रायव्हर काढून लावते आणि नंतर खऱ्या ड्रायव्हरला जागा देत नाही. तसे झाले तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्या नोंदीवर उजवी क्लिक, अनइन्स्टॉल, ‘ड्रायव्हरही काढून टाका’ या चौकटीत खूण, वायर काढून संगणक पुन्हा सुरू, आणि मग पहिल्यापासून. डिव्हाइस मॅनेजरमधला पिवळा त्रिकोण घाबरवण्यासाठी नसतो. त्यावर दोनदा क्लिक केले की क्रमांक दिसतो आणि तो बरेच सांगतो. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची खात्री पटली नाही. जुन्या यंत्रांना हाच आजार. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकले नाही. ड्रायव्हर चुकीचा आहे का ते पाहावे आणि वीज कमी पडते का तेही. कोड ४३ आला तर आधी वायर आणि पोर्ट बदलून पाहावे. त्याच खिडकीत ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडी’ निवडले की उत्पादक आणि यंत्र यांचे दोन चार-चार अक्षरी क्रमांक मिळतात. खोके हरवलेल्या, नाव पुसलेल्या स्कॅनरची ओळख त्यावरून पटते.

विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ नावाचे संरक्षण असते आणि नव्या संगणकांवर ते सहसा चालूच असते. जुना ड्रायव्हर त्याला खपत नाही. इंटरनेटवर ‘ते बंद करा, स्कॅनर चालेल’ असे सल्ले मिळतात. चालतोही. पण त्याच संगणकावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटीचे लॉगिन असतात. एका कार्ड स्कॅनरसाठी ते संरक्षण काढणे आम्हाला मुळीच पटत नाही.

वीज आणि वायर यांबद्दल थोडक्यात. हे छोटे स्कॅनर सहसा यूएसबीमधूनच वीज घेतात. साध्या यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिॲम्पिअर, यूएसबी ३ ची ९००. त्याच पोर्टवर स्वस्त हब लावून त्यात माउस, कीबोर्ड आणि बायोमेट्रिक यंत्र अडकवले असेल, तर स्कॅनरचा दिवा लागतो, कार्ड आत ओढले जाते आणि अर्ध्यात थांबते. लोकांना वाटते रोलर झिजला. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूचे पोर्ट वापरावे. दुसरे म्हणजे मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या काही वायरींत डेटाच्या तारा नसतातच. त्यावर दिवा लागेल, संगणकाला मात्र काहीच कळणार नाही.

यंत्राची निवड करताना डीपीआयच्या (एका इंचात किती ठिपके टिपले जातात त्याच्या) मोठ्या आकड्याला भुलू नये. आपल्याकडचे कार्ड साधारण ३.५ बाय २ इंच. ३०० डीपीआयला त्याचे चित्र १,०५० बाय ६०० ठिपक्यांचे होते. इंग्रजी कार्डाला ते पुरते. ६ पॉइंटमध्ये छापलेला पत्ता ३०० डीपीआयला जेमतेम २५ ठिपके उंचीत मावतो. आणि देवनागरीत त्या २५ ठिपक्यांतच वेलांटी, रफार, शिरोरेघा, उकार, जोडाक्षराचा खालचा भाग एवढे सगळे बसवायचे असते. अनुस्वाराला एक-दोन ठिपके आले तर नशीब. मराठी कार्डांसाठी ६०० डीपीआय ठेवावे, आणि हे ६०० ‘ऑप्टिकल’ असले पाहिजेत. सॉफ्टवेअरने फुगवलेले १,२०० काही कामाचे नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डाचा मार्ग. काही यंत्रांत कागद आत जाऊन वळसा घेतो आणि वर येतो. कागदाला ते चालते. आपल्याकडे ३०० जीएसएमच्या जाड कागदावर वरून लॅमिनेशन अशी कार्डे सर्रास असतात, आणि प्लास्टिकची, एटीएम कार्डाएवढी ०.७६ मिलिमीटर जाडीची कार्डेही वाढली आहेत. ती वळशात अडकतात किंवा लॅमिनेशनवर चरा पडतो. सरळ मार्गाचे, म्हणजे पुढून गेलेले कार्ड मागून बाहेर पडणारे यंत्र घ्यावे आणि माहितीपत्रकात जाडीची कमाल मर्यादा वाचावी. मागे कार्ड पडायला पाचेक इंच मोकळी जागा लागते. भिंतीला टेकवून ठेवले की तिथेही अडते.

पुढे-मागे वेगळा मजकूर असणारी कार्डे महाराष्ट्रात आणि गोव्यात भरपूर, एका बाजूला मराठी किंवा कोकणी, दुसरीकडे इंग्रजी. तेव्हा एकाच फेरीत दोन्ही बाजू घेणारे यंत्र परवडत असेल तर घ्यावेच. एकतर्फी यंत्रावर शंभर कार्डे म्हणजे दोनशे फेऱ्या, आणि कुठली मागची बाजू कुठल्या पुढच्या बाजूची, याचा घोळ वेगळाच.

या छोट्या यंत्रांतला संवेदक काचेला अगदी चिकटून पाहतो. काचेपासून अर्धा-एक मिलिमीटर वर उचललेला भाग पुसट येतो. त्यामुळे उठावाची अक्षरे, वाकलेले किंवा खिशात घामाने पन्हळलेले कार्ड नीट वाचले जात नाही. सोनेरी फॉइलची अक्षरे काळी तरी पडतात नाहीतर नाहीशी होतात, कारण प्रकाश भलतीकडे परावर्तित होतो. काळ्या कार्डावरची पांढरी अक्षरे वाचायला प्रोग्राममध्ये रंग उलटवण्याची सोय आहे का पाहावे. चित्रात उभी सरळ रेघ दिसू लागली तर ती काचेवरची धूळ किंवा डिंकाचा कण. लिंट न सुटणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन काच आणि रोलर पुसावेत. पाणी नको, काच पुसायचा निळा फवाराही नको. पुसल्यानंतर यंत्राबरोबर आलेल्या पांढऱ्या कार्डाने कॅलिब्रेशन करावे. ते कार्ड लोक पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर फेकतात. ते यंत्राच्या तळाला चिकटपट्टीने लावून ठेवावे.

आता खरा कस लागतो तो वाचण्यात. चित्र काढणे हे स्कॅनरचे काम. त्यातले नाव, हुद्दा, कंपनी, फोन वेगळे करून खान्यांत भरणे हे प्रोग्रामचे. खोक्यावर ‘वीस भाषा’ लिहिलेले असते. त्यांत मराठी आहे का, हे नाव घेऊन विचारावे. हिंदी आहे म्हणजे मराठीचे भागेल असे धरून चालू नये. ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह, ‘कोळी’मधला ळ आणि मराठी वळणाचे ल व श, हिंदीवर घडवलेला वाचक इथे अडखळतो. टेसरॅक्ट या मुक्त वाचकाची मराठी भाषा-फाइल वेगळी मिळते आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्याची रीत बरीच सुधारली. नॅप्स२ नावाचा मोफत प्रोग्राम ट्वेन आणि विआ दोन्ही स्कॅनरशी बोलतो आणि हाच टेसरॅक्ट वापरून मजकूर शोधता येईल अशी पीडीएफ बनवतो. तो खाने भरून देत नाही. पण कार्ड शोधायचे एवढीच गरज असेल, तर एवढे पुष्कळ कार्यालयांना पुरते.

खाने भरणारे प्रोग्राम परदेशी कार्डे समोर ठेवून बनवलेले असतात. आपली कार्डे त्यांच्या गळी उतरत नाहीत. ‘मारुती मंदिरासमोर, अमुक बँकेच्या वर’ असा पत्ता दिसला की ‘बँक’ हा शब्द उचलून तो कंपनीच्या खान्यात टाकला जातो. ‘प्रो. प्रा.’चा प्रोफेसर होतो. वरच्या कोपऱ्यातल्या ‘॥ श्री ॥’चे आणि गणपतीचे काय करावे ते त्याला कळत नाही, तिथे काहीतरी अक्षरे उमटतात आणि कधी कधी तेच नाव म्हणून नोंदले जाते. एका ओळीत तिरकी रेघ देऊन शेवटचे दोनच आकडे बदललेले दोन फोन असतील, तर दुसरा फोन हमखास ‘३५’ असा दोन आकड्यांचाच उरतो. हे दोष यंत्र बदलून जात नाहीत. नोंद पक्की करण्याआधी माणसाने नजर टाकायलाच हवी, आणि प्रत्येक नोंदीबरोबर कार्डाचे मूळ चित्र साठवणारा प्रोग्रामच घ्यावा, म्हणजे शंका आली की ताडून पाहता येते.

जीएसटी क्रमांकाच्या बाबतीत तरी तपासणीची पक्की खूण आहे. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७ आणि गोव्याला ३०. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन : पाच अक्षरे, चार आकडे, एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवरील नोंदणीच्या क्रमाची, चौदाव्या जागी सहसा इंग्रजी झेड, पंधरावे तपासणीचे. स्कॅनर शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’, पाच आणि ‘एस’ यांत गल्लत करतो. तिसऱ्या ते सातव्या जागी शून्य दिसले तर ते ‘ओ’ असणार, आणि आठव्या ते अकराव्या जागी ‘ओ’ दिसला तर ते शून्य. एक्सेलमध्ये एवढा नियम लावून ठेवला की बऱ्याच चुका तिथेच सापडतात.

एक्सेलचे नाव निघालेच आहे, तर सर्वांत जास्त नुकसान जिथे होते ते सांगतो. प्रोग्राममधून यादी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खाने पाडलेली साधी मजकूर-फाइल) म्हणून काढली आणि त्या फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडली, की तीन गोष्टी एकदम होतात. मराठी नावांच्या जागी लॅटिन अक्षरांची वेडीवाकडी रांग दिसते. पुण्याच्या ०२० मधले पुढचे शून्य उडते. आणि ९१ लावलेला बारा आकडी मोबाइल ९.१९ च्या पुढे ‘ई+११’ अशा रूपात दिसू लागतो. ते नुसते दिसणे असते तोवर ठीक. पण तशीच फाइल पुन्हा सीएसव्ही म्हणून साठवली की उरलेले आकडे कायमचे गेले. त्यावर उपाय : कोरी एक्सेल फाइल उघडावी, ‘डेटा’ टॅबमध्ये ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ निवडावे, फाइल ओरिजिनमध्ये ‘६५००१ : युनिकोड यूटीएफ-८’ घ्यावे, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’त जाऊन फोन आणि पिनकोडचे स्तंभ ‘टेक्स्ट’ करावेत आणि मगच लोड करावे.

संपर्क फोनमध्ये न्यायचे असतील तर व्हीकार्ड ही संपर्कांची खास फाइल बरी. त्याची आवृत्ती ३.० निवडावी. जुन्या २.१ मध्ये मराठी नावांची प्रश्नचिन्हे होण्याचा धोका असतो. पाचशे संपर्कांची एकच व्हीकार्ड फाइल जुन्या आउटलुकला दिली तर तो पहिला संपर्क घेऊन बाकीचे मुकाट्याने सोडून देतो. नव्या आउटलुकमध्ये तर जुन्या धाटणीची जोड-बटणे (ॲड-इन) चालतच नाहीत. म्हणजे ‘थेट आउटलुकमध्ये पाठवा’ हे खोक्यावरचे वाक्य कुठल्या आउटलुकबद्दल आहे, हेही विचारावे लागते.

मग फोननेच फोटो का काढू नये? महिन्याला वीस-पंचवीस कार्डे येत असतील तर जरूर काढावा, स्कॅनर घेऊच नये. क्यूआर असलेली कार्डे तर फोनच नीट वाचतो. प्रश्न एवढाच, की ॲपमध्ये घातलेली माहिती कुठे राहते. २४ नोव्हेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ४३ ॲपवर बंदी घातली, तीत कार्डे वाचणारे कॅमकार्ड होते. ज्यांनी आपली यादी वेळोवेळी बाहेर काढून ठेवली नव्हती, त्यांची पंचाईत झाली. मायक्रोसॉफ्टनेही आपले कागद-कार्डे टिपणारे लेन्स हे ॲप बंद करण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. ॲप कोणतेही असो, महिन्यातून एकदा सीएसव्ही किंवा व्हीकार्ड काढून आपल्या डिस्कवर ठेवावे. शिवाय कार्डावरची माहिती दुसऱ्याची असते. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यावर रुग्णालयांनी आणि पतसंस्थांनी तरी ती परदेशातल्या सर्व्हरवर टाकण्याआधी आपल्या वकिलाला विचारलेले बरे.

घरात किंवा कार्यालयात काचेचा साधा ए४ स्कॅनर असलेले प्रिंटर असतातच. त्या काचेवर दोन रांगांत पाच-पाच अशी दहा कार्डे, मध्ये अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरची फट ठेवून, आरामात मावतात. वरून झाकणाऐवजी काळा कागद ठेवावा, म्हणजे पांढऱ्या कार्डाच्या कडा प्रोग्रामला ओळखता येतात आणि तो दहा वेगळी चित्रे कापून देतो. झाकणाचा पांढरा फोम ठेवला की कडा हरवतात. खास कार्ड स्कॅनर घ्यायचा तो प्रदर्शनात स्टॉल लावणाऱ्यांनी, व्यापारी संघटनांनी, किंवा जिथे रोज स्वागतकक्षात ओळखपत्रेही स्कॅन करायची असतात त्यांनी.

आमची मागणी साधी आहे. खोक्यावर आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावर चार गोष्टी ठळक छापाव्यात : कोणकोणत्या विंडोज आणि मॅक आवृत्त्यांवर यंत्र चालते, एआरएमवर चालते की नाही, ट्वेन व विआ आहे की नाही, आणि ड्रायव्हर अमुक वर्षापर्यंत मिळत राहील. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, मग ज्याचे आयुष्य ड्रायव्हरवर ठरते त्या यंत्रावर का नको? स्कॅनर हे भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. त्यामुळे यंत्राच्या तळाशी मानक चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो नसेल तर माल वेगळ्याच वाटेने आलेला आहे, आणि त्याच्या वॉरंटीची जबाबदारी इथे कोणी घेत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक आणि ‘विंडोज ११, ६४-बिटवर चालते’ एवढे शब्द लिहून घ्यावेत. तोंडी आश्वासन परत करताना उपयोगी पडत नाही. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे बिलाची प्रत आणि डिव्हाइस मॅनेजरमधल्या कोडचे छायाचित्र, दोन्ही जोडावीत.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कात्री लावावी लागली तर बाकी काही कापावे, पण पुढचे तेवढे ठेवावे, कारण त्याला मुदत आहे. अनेक जुन्या व्यावसायिकांकडे कार्डस्कॅनसारखे, आता उत्पादनच बंद झालेले स्कॅनर आहेत आणि त्यांची वर्षानुवर्षांची यादी ‘सीडीबी’ अशा फाइलमध्ये अडकलेली आहे. ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घेतली म्हणजे काम झाले, असे नाही. ती उघडायला तोच जुना प्रोग्राम लागतो. जुना संगणक भंगारात देण्याआधी, तो चालू असतानाच, प्रोग्राम उघडावा, फाइल मेनूतून सगळे संपर्क सीएसव्ही म्हणून काढावेत, कार्डांची चित्रे वेगळी निघत असतील तर तीही काढावीत, आणि ती सीएसव्ही नव्या संगणकावर वर सांगितलेल्या रीतीने उघडून संपर्कांची संख्या जुन्याशी जुळते का ते मोजावे. जुळली की मग जुना संगणक भंगारात द्यायला हरकत नाही.

आपले विश्वासू,
संगणक व स्कॅनर दुरुस्ती करणारे काही तंत्रज्ञ, पुणे